भिर्रर्र... आणि गाडा सुटला!

फाल्गुन संपत येतो. रब्बीची काढणी उरकते, खळी रिकामी होतात आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे व चार निवांत दिवस एकदमच येतात. चैत्र लागला की पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या तालुक्यांतील गावागावांतून एकच विषय निघतो, तो म्हणजे यात्रेचा. पारावर बैठक बसते, वर्गणीचा आकडा ठरतो, तमाशाचा फड ठरवायला चौघेजण नारायणगावच्या राहुट्यांकडे जातात आणि उरलेले चौघे गावाबाहेरच्या घाटाची डागडुजी करायला लागतात.

हा घाट म्हणजे नदीचा घाट नव्हे, की सह्याद्रीतला नागमोडी रस्ताही नव्हे. गावाच्या कडेला, बहुधा देवळाच्या आसपास, खालून वर चढत गेलेली सरळ, रुंद धावपट्टी म्हणजे घाट. दोन्ही बाजूंना बांध. त्या बांधांवर यात्रेच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. ध्वनिवर्धकावरून निवेदकाचा खणखणीत आवाज येतो, खाली चार बैल जुंपलेला गाडा उभा असतो, निशाण पडते, "भिर्रर्र" अशी आरोळी उठते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच धुळीचा लोट वरच्या टोकाला पोचतो. सारा खेळ पंधरा-वीस सेकंदांच्या आतला, पण त्यासाठी वर्षभराची मेहनत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हौस पणाला लागलेली असते.

चार बैल आणि एक घोडी

बैलगाडा शर्यत एकच असली तरी तिची रूपे प्रदेशागणिक बदलतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील गाडा पाहण्यासारखा असतो. लाकडाचा हा हलका गाडा ओझे वाहण्यासाठी नसतो, तो केवळ पळवण्यासाठी बनवलेला असतो. त्याला बैलांच्या दोन जोड्या लागतात. गाड्याजवळची मागची जोडी म्हणजे धुरीची आणि पुढची जुकाटाची. या चौघांच्याही पुढे एक घोडी असते. घोडीवरचा स्वार जीव मुठीत धरून दौडतो आणि बैल तिच्या मागोमाग सुटतात. गाड्यावर सहसा कोणी बसत नाही. एकदा सोडला की बैलांचा वेग आणि त्यांचा सराव यांवरच सारे अवलंबून.

या एका धावेला 'बारी' म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची स्पर्धा असते ती घड्याळाशी. पूर्वी साध्या घड्याळावर वेळ मोजत, आता इलेक्ट्रॉनिक यंत्रे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा हिशेब देतात. सर्वांत कमी वेळात वर पोचलेला गाडा 'घाटाचा राजा' ठरतो. हा मान मिळाला की गाडामालक गुलालात न्हाऊन निघतो आणि बैलांची वाजतगाजत मिरवणूक निघते.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गेले की चित्र पालटते. तेथे सपाट माळावर हलक्या छकड्यांची शर्यत लागते. एका छकड्याला एक जोडी, हाकणारा गाडीवान आणि शेजारी शेजारी सुटलेल्या अनेक गाड्या. आधी गटाच्या फेऱ्या, मग उपांत्य आणि शेवटी अंतिम फेरी. विदर्भात याच खेळाला 'शंकरपट' म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट पाहायला दुरून दुरून माणसे येत असत. रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग, मुरूडकडे ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूवर गाड्या धावतात. शेजारी कर्नाटकात चिखलातून रेड्यांचा 'कंबाळा' होतो, तमिळनाडूत 'जल्लीकट्टू' आणि 'रेकला', तर पंजाबात लुधियानाजवळच्या किला रायपूर येथे १९३३ पासून भरणाऱ्या ग्रामीण क्रीडामेळाव्यात बैलगाड्यांची शर्यत हे मोठे आकर्षण होते.

गंमत म्हणजे सातासमुद्रापलीकडेही अशीच हौस आहे. अमेरिकेत गुरे राखणाऱ्या घोडेस्वारांनी आपले रोजचे काम, म्हणजे उधळलेले जनावर दोरीने पकडणे, न माणसाळलेल्या घोड्यावर मांड ठोकणे, हेच सणासुदीला खेळ म्हणून मांडले आणि त्यातून 'रोडिओ' उभा राहिला. कॅनडातील कॅल्गरी शहरात १९१२ मध्ये सुरू झालेल्या मेळाव्यात १९२३ पासून चार घोड्यांच्या गाड्यांची शर्यत होते आणि त्या गाडीसोबत वेगळे घोडेस्वारही दौडतात. आपल्या चार बैलांच्या गाड्याची आणि घोडीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. तिथल्या शर्यतीत घोडे दगावले की तिथेही प्राणिमित्र आवाज उठवतात. कामातून जन्मलेला खेळ, खेळातून आलेली प्रतिष्ठा आणि मुक्या जनावराच्या वेदनेचा प्रश्न, ही तिन्ही सूत्रे दोन्हीकडे सारखीच आहेत.

नवसाचा गाडा

पुणे जिल्ह्यात गाड्याचे नाते खंडोबाशी आहे. निमगाव दावडी, धामणी, वडज अशी खंडोबाची ठाणी आणि तिथल्या यात्रा गाडामालकांना मुखोद्‌गत असतात. "यंदा पीक चांगले आले तर देवापुढे गाडा पळवीन" किंवा "घरात पाळणा हलला तर घाटात बारी देईन" असा नवस बोलला जातो. अशा गाड्याला बक्षिसाची आस नसते. बैलांच्या कपाळाला भंडारा लावायचा, नारळ फोडायचा आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत गाडा सोडायचा. तो किती सेकंदांत पोचला यापेक्षा तो देवापुढे पळाला, याचेच समाधान मोठे.

यात्रेचा कार्यक्रमही ठरलेला असतो. पहाटे देवाला अभिषेक, मग मांडव डहाळे आणि हारतुरे. दुपारी घाटात गाडे. संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा. त्यात पोरासोरांच्या पहिल्या कुस्त्या नारळावर आणि रेवड्यांवर लागतात, तर शेवटची कुस्ती गावाने ठरवलेल्या इनामावर. रात्री छबिना आणि त्यानंतर तमाशा. माहेरवाशिणी लेकरांना घेऊन येतात, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले रजा काढून येतात आणि घराघरांतून पुरणपोळीचा नाहीतर रश्श्याचा वास सुटतो. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही यात्रेच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

गाड्याच्या बैलाचे घरातले स्थान तर काही औरच. तो बहुधा खिल्लार जातीचा असतो. पांढराशुभ्र किंवा करड्या झाकेचा रंग, लांब मागे वळलेली शिंगे, काटक बांधा आणि तापट स्वभाव. माण, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्यात ही जात घडली. कमी चारापाण्यावर तग धरणारी आणि चालीला वेगवान अशी तिची ख्याती. खरसुंडी, पुसेगाव, सांगोला येथील बाजारांत खोंड पारखायला जाणारी जुनी माणसे खूर, खांदा, शेपटीचा गोंडा आणि डोळा पाहून जनावराचे भविष्य सांगत.

असा खोंड घरी आला की त्याचे बालसंगोपनच सुरू होते म्हणा ना! सरकी पेंड, भिजवलेली डाळ, कणकेचे गोळे, कुठे दूध, तर कुठे अंडीसुद्धा. नदीत किंवा तळ्यात पोहणी, रोजची चाल आणि थोडा थोडा सराव. घरच्या पोरांना दूध कमी पडले तरी चालेल, पण बैलाचे कमी पडता कामा नये, अशी तक्रार गाडामालकांच्या घरातील बायका अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या रागाने करतात. आणि खरे तर बैलाची उस्तवार पुष्कळदा त्यांच्याच हातून होते. घाटात मात्र पूर्वी बाईमाणूस क्वचितच दिसे. अलीकडे काही मुलींनी घाटात घोडी पळवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जुन्या मंडळींनीही त्यांच्या पाठीवर थाप दिली.

नाण्याची दुसरी बाजू

इथवर सारे गोड वाटते. पण या खेळाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही.

प्रत्येक घाटात बैलांशी मायेनेच वागले जात होते, असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ईर्ष्या वाढली तशी काहींच्या हातातली काठी टोकदार झाली. शेपट्या पिरगाळणे, त्या चावणे, आरीने टोचणे, विजेचा झटका देणे, जनावराला दारू पाजणे असे प्रकार घडत असल्याच्या तक्रारी प्राणिमित्र संघटनांनी केल्या. काही ठिकाणी उधळलेले बैल गर्दीत शिरले आणि माणसे जखमी झाली, जिवालाही मुकली. बैल हा मुळात ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखा धावणारा नव्हे, तेव्हा त्याला भीती व वेदना दिल्याशिवाय तो असा धावणारच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात १९६० पासून आहे. त्या कायद्याखाली कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत याची यादी केंद्र सरकार काढते. ११ जुलै २०११ रोजी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर बैलाचे नावही या यादीत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने शर्यतींना मनाई केली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत या दोन्हींवर बंदी घातली. प्राण्यालाही सन्मानाने, विनाकारण वेदना न होता जगण्याचा हक्क आहे, असे त्या निकालाने ठासून सांगितले.

घाट ओस पडले

बंदीच्या त्या वर्षांत घाटांवर गवत वाढले. यात्रा भरत राहिल्या, पण दुपार रिकामी जाऊ लागली. पाव्हणे कमी झाले, तशी खेळण्यांची, भेळीची, रसाची दुकाने कमी झाली. काही ठिकाणी आडबाजूच्या माळावर चोरून शर्यती होत, मग पोलीस येत, गुन्हे दाखल होत.

सर्वांत मोठा फटका बसला तो खिल्लार खोंडाच्या किमतीला. खरे तर बैलाचे दिवस त्याआधीच फिरले होते. नांगरटीला ट्रॅक्टर आला, वाहतुकीला टेम्पो आला, गोठ्यात जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई आल्या. ज्या जनावराचे शेतात काम उरले नाही, त्याला दावणीला कोण ठेवणार? शर्यत हेच ते जपण्याचे एक कारण उरले होते, असे गाडामालक सांगत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी व गावठी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यातच २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हातारे किंवा बिनकामाचे बैल विकण्याची वाटही बंद झाली. घटीला कारणे अनेक आहेत, सारा दोष शर्यतबंदीला देणे बरोबर होणार नाही. पण बैल केवळ मायेवर जगत नाही, त्याच्या वैरणीला पैसा लागतो, ही गोष्ट खोटी नाही.

प्राणिमित्रांचे उत्तर असे, की एखादी जात वाचवायची म्हणून तिचे हाल करणे हा काही उपाय नव्हे. देशी गोवंशाचे संवर्धन पैदास केंद्रांतून, अनुदानातून करता येईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षे चिघळला.

निकाल दिल्लीत, गुलाल गावात

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत स्थायिक झालेल्या जुन्नर-खेडकडच्या मंडळींनी हा सारा काळ एका वेगळ्याच जागेवरून पाहिला. पूर्वी विनयनगर म्हणून ओळखली जाणारी सरोजिनी नगरची सरकारी वसाहत घ्या. फाटकाबाहेर कपड्यांच्या बाजाराची झुंबड, आत केंद्र सरकारी नोकरांची घरे. अशा एखाद्या घरातल्या मराठी माणसाने चैत्रातली रजा यात्रेसाठी राखून ठेवावी आणि गावाहून निरोप यावा, "यंदाही गाडे नाहीत." ज्या न्यायालयात गावच्या घाटाचे भवितव्य ठरायचे, ते टिळक मार्गावरचे सर्वोच्च न्यायालय त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर. गावातल्या भावाला मात्र वाटे, दिल्लीत राहणाऱ्याला तारीख आधी कळत असेल!

तारखांचे गाडे तर संथच निघाले. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अटी घालून परवानगी दिली आणि पाचच दिवसांत तिला स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हजारो तरुण जल्लीकट्टूसाठी ठाण मांडून बसले आणि तमिळनाडूने आपल्यापुरता कायदा बदलला. एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानेही दुरुस्ती मंजूर केली, जुलैत राष्ट्रपतींची संमती आली, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा अटकाव केला. २०१८ मध्ये सारा विषय घटनापीठाकडे गेला. दरम्यान बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करण्यासाठी राज्याने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बैल धावू शकतो, असा तिचा अहवाल न्यायालयापुढे ठेवला.

अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल लागेपर्यंत महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त मुभा दिली. गावोगाव हलग्या वाजल्या. १८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे, आणि नव्या नियमांमुळे जनावरांच्या वेदना बऱ्याच कमी होतात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र नियमांची अंमलबजावणी काटेकोरपणे झाली पाहिजे, हेही बजावले.

आता जबाबदारी कोणाची?

हे नियम प्रत्येक गाडाप्रेमीने वाचावेत असे आहेत. शर्यतीला प्रशासनाची आगाऊ परवानगी हवी. धावपट्टी एक किलोमीटरपेक्षा लांब नको. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवी. एका दिवसात एका बैलाला तीनपेक्षा जास्त वेळा पळवता येत नाही. चाबूक, काठी, आरी, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांपैकी काहीही चालणार नाही. नियम मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पण कायद्याचा पोलीस प्रत्येक दावणीशी उभा राहू शकत नाही. शिवाय नवी भीती वेगळीच आहे. पूर्वी बक्षीस म्हणून पितळी घागर, ढाल, फार तर रोख रक्कम मिळे. आता मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बक्षिसांत जेसीबी यंत्र होते, तर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातील भाळवणीच्या शर्यतीत थार मोटार. पुढाऱ्यांचे फलक घाटाच्या बांधावर बैलांपेक्षा उंच दिसू लागले आहेत आणि नावाजलेल्या बैलांच्या किमती लाखांत गेल्या आहेत. बक्षीस जेवढे मोठे, तेवढा हात सैल सुटण्याचा मोह मोठा. नवसाच्या गाड्याला घड्याळ लागत नव्हते. मोटारीसाठी पळणाऱ्या गाड्याला सेकंदाचा शंभरावा भागही महाग वाटतो.

म्हणूनच काही गोष्टी गावांनीच ठरवायला हव्यात. काठी दिसली की ती बारी बाद, असे निवेदकाने ध्वनिवर्धकावरून सांगावे आणि पंचांनी ते पाळावे. यात्रा कमिटीने पशुवैद्य आणि रुग्णवाहिका या दोन्हींचा खर्च वर्गणीतच धरावा. बांधावर लहान मुलांना पुढे बसवू नये. मोठ्या बक्षिसांतला थोडा वाटा पांजरपोळाला किंवा खिल्लार गाई पाळणाऱ्याला द्यावा. आणि पळण्याचे वय सरलेल्या बैलाला घरच्या दावणीवरच अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या मालकाचा यात्रेत सत्कार व्हावा. असे सांभाळणारे मालक आजही आहेत, आपला बैल गेला तेव्हा त्याचा दहावा घालणारेही आहेत.

शहरात वाढलेला एखादा नातू पहिल्यांदा यात्रेला येतो. आजोबांच्या खांद्यावर बसून पहिली बारी पाहतो, टाळ्या पिटतो आणि मग हळूच विचारतो, "आजोबा, बैलाला लागत नाही का हो?"

"लागतं की रे बाळा," आजोबांना एवढे तरी खरे सांगता आले पाहिजे. "लागतं, म्हणून तर हातात काठी घ्यायची नाही."

तेवढ्यात निशाण पडते, घोडी उसळते आणि पुढची बारी सुटते. आजोबांचे हात रिकामेच असतात आणि त्याच हातांनी, बारी संपल्यावर, ते वर पोचलेल्या बैलांच्या पाठीवरची धूळ झटकायला निघतात.